उजवीकडे झुकलेलं गाव

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी आमची अष्टमी उजवीकडे झुकली.

राजकारणाचं म्हणत नाही मी. त्या बाबतीत आमच्याकडे कोण कधी कुठे झुकेल, हे कुंडलिका नदीलासुद्धा सांगता यायचं नाही. ही अष्टमी म्हणजे विकिपीडियावरच्या माझ्या धूळपाटीत लिहून ठेवलेली. रात्री शेवटचा बदल जतन केला आणि पानाकडे न बघताच झोपलो. सकाळी चहा घेऊन बसतो तो काय, पहिला परिच्छेद जागच्या जागी आणि दुसऱ्यापासून खाली अख्खं गाव उजव्या भिंतीला टेकलेलं. मथळे उजवीकडे. यादीतले ठिपके उजवीकडे. प्रत्येक परिच्छेदाचा शेवटचा पूर्णविराम मात्र पार डाव्या टोकाला जाऊन बसलेला, लग्नाच्या पंगतीत चुकून दुसऱ्या पक्षाच्या पाटावर बसलेल्या पाहुण्यासारखा.

बायको मागून डोकावली. म्हणाली, "अहो, हे उलटं नेसवल्यासारखं काय दिसतंय?"

निदान तिने बरोबर केलं होतं. दुसऱ्या परिच्छेदात मी एक हिब्रू नाव घातलं होतं. हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते, म्हणून तिच्याआधी एक खूण करायची असते: इथून पुढे हिब्रू, दिशा उजवीकडून. नाव संपलं की दुसरी खूण करायची: हिब्रू संपली, आता परत घरी. ही दुसरी खूण मी केलीच नव्हती. यंत्राने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि कुंडलिका, धावीर महाराजांची पालखी, भात, वाल, नगरपरिषद, सगळ्यांना हिब्रू समजून उजवीकडे नेऊन उभं केलं.

आमच्याकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्यात वालाच्या शेंगा भरायच्या, वर भांबुर्डीचा पाला कोंबून तोंड गच्च बंद करायचं आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. तोंड नीट बंद केलं नाही तर काय होतं, ते इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. मला ते साठी उलटल्यावर विकिपीडियाने शिकवलं.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. ज्यांनी तो मांडला त्यांनी शब्द असे निवडले की माझ्यासारखा माणूस आत शिरल्यावर बुजत नाही. कच्चं लिहायची जागा ती धूळपाटी. सगळ्यांनी मिळून वाद घालायची जागा ती चावडी. एकाच नावाच्या चार गोष्टींचा घोळ निस्तरायचा, तर 'निःसंदिग्धीकरण'. हा शब्द उच्चारताना कवळी सांभाळावी लागते, पण अष्टमीवाल्यांना त्याची गरज जास्तच. कारण अष्टमी शोधायला गेलं की आधी गोकुळाष्टमी येते, मग दुर्गाष्टमी, मग कालाष्टमी, आणि पंचांग संपल्यावर आमचं गाव. आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रॅमला तर त्यांनी 'सांगकाम्या' म्हटलंय. सांगितलं तेवढंच करणारा, आणि सांगितलेलं चुकीचं असलं तरी तेच करणारा. इतकं चपखल नाव मी आजवर फक्त आमच्या ऑफिसात काही माणसांना शोभताना पाहिलं होतं.

ऑफिस म्हणजे टपालाचं. चौतीस वर्षं पत्रं वेगळी केली. त्यामुळे शब्दावर भाषेची चिठ्ठी लावणं म्हणजे काय, ते मला शिकवावं लागलं नाही. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातलेच, आणि संस्कृतात कविता करणारे. पत्ता वाचताना एकाच नावाची अनेक गावं येतात, लिहिणाऱ्याची लिपी निराळी, वाचणाऱ्याची निराळी. तेव्हा गावाच्या नावापुढे सहा आकडे लावा आणि मोकळे व्हा, असा तो हिशेब. रोहा म्हणजे ४०२१०९. मग अक्षर कसंही असो, पत्र पोचतं. विकिपीडियावर परक्या भाषेतल्या शब्दाला जो साचा लावतात, त्यातही आधी भाषेचा संक्षेप, मग उभी रेघ, मग शब्द, आणि भोवती दोन-दोन महिरपी कंस. मराठीचा संक्षेप एम-आर, हिंदीचा एच-आय, संस्कृतचा एस-ए. शब्दाचा पिनकोडच म्हणा.

आणि पिनकोडसारखाच तोही लोक चुकीचा घालतात. माझी धूळपाटी सरळ झाल्यावर, आपल्यासारखे आणखी किती, या कुतूहलाने मी दुसऱ्यांच्या पानांवर फिरायला लागलो आणि मग ते व्यसनच झालं. एकाने अष्टमीच्या शेजारच्याच एका गावाच्या नावाला एम-एच असा संक्षेप लावला होता. त्याचं काय चुकलं सांगा? आयुष्यभर गाड्यांवर एमएच-०६ बघितलेला माणूस. पण भाषांच्या यादीत एम-एच म्हणजे मार्शलीज, प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांची भाषा. दुसऱ्याने भारतातली भाषा म्हणून आय-एन लावलं. ते इंडोनेशियन भाषेचं जुनं, आता रद्द झालेलं नाव. तिसऱ्याने एम-आय लिहिलं, बहुधा 'मी मराठी' या भावनेने, आणि शब्द न्यूझीलंडला माओरी भाषेत जाऊन पडला. बरं, एम-आर तरी सुरक्षित आहे का? भाषांच्या यादीत आहे. देशांच्या यादीत गेलात, तर एम-आर म्हणजे मॉरिटानिया. सहारा वाळवंटाच्या काठावर मराठी बोलली जात असल्याचा पुरावा एका अक्षरजोडीत तयार होतो.

जुन्या-नव्या नावांचा घोळ तर मला अगदी घरचा वाटला. हिब्रूचा संक्षेप पूर्वी आय-डब्ल्यू होता, १९८९ मध्ये तो एच-ई केला. पण जुन्या प्रोग्रॅमांच्या पोटात आय-डब्ल्यू कितीतरी वर्षं तसाच राहिला. आमचा जिल्हा १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला, तरी पुढे बरीच वर्षं पाकिटांवर 'जि. कुलाबा' येतच होतं, आणि त्यातलं एखादं मुंबईच्या कुलाब्याची हवा खाऊन, दोन शिक्के जास्तीचे घेऊन आमच्याकडे परत यायचं. पत्र लिहिणाऱ्याला दोष देऊन उपयोग नसतो. त्याच्या मनात तो जिल्हा कुलाबाच असतो.

पूर्वी खूण बंद न केल्याच्या चुका दिसतही नसत. विकिपीडियाच्या आत 'टायडी' नावाचा एक प्रोग्रॅम होता. कुणी खूण उघडून बंद केली नाही, उलटसुलट गुंफली, की तो गुपचूप सावरून घ्यायचा. जुन्या पोस्टमनसारखं. 'मामांना, पुलापलीकडे' एवढाच पत्ता असला तरी पत्र बरोबर घरी टाकणारा. २०१८ मध्ये टायडी निवृत्त झाला, नवा आला तो नियमाने चालणारा, आणि इतकी वर्षं झाकलेल्या चुका पानापानावर उघड्या पडल्या. त्यांची यादी करणारं एक स्वतंत्र पानच विकिपीडियाने करून ठेवलंय: शेवटची खूण नसलेल्या, चुकीच्या गुंफलेल्या, कालबाह्य. रोज थोड्या निस्तरायच्या. देवाला रोज फुलं वाहण्यातला आणि यातला फरक मला तरी सांगता येत नाही. फुलं दुसऱ्या दिवशी पुन्हा लागतात, तशाच या चुकाही.

एकदा नातवाने विचारलं, "पण आजोबा, हा शब्द मराठी का हिंदी, ते वाचणाऱ्याला कळतंच की. मग लावायची कशाला चिठ्ठी?"

याचं उत्तर मला नागोठण्याच्या एका मुलाने दिलं. त्याला दिसत नाही. तो संगणकाकडून पानं वाचून घेतो, आणि संगणक कुठला आवाज काढायचा ते त्या चिठ्ठीवरून ठरवतो. मराठी मजकुराला कुणी हिंदीची चिठ्ठी लावली की 'ज्ञानेश्वर' 'ग्यानेश्वर' होतात. चूल आणि चटणी यांचा 'च' चिमणीच्या 'च'सारखा व्हायला लागतो. "काका," तो म्हणाला, "आपल्या आजीने अचानक दूरदर्शनवरच्या बातम्यांसारखं बोलायला लागावं, तसं वाटतं." त्या दिवसापासून मी नातवाला असले प्रश्न विचारू देत नाही.

डोळ्यांनी वाचणाऱ्यालाही फरक पडतो, फक्त त्याला तो कळत नाही. मराठीतला 'ल' पाकळ्यांचा, हिंदीतला दांडीचा. 'श' चंही तसंच, आपला देठाचा. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरा, असं २०२२ मध्ये शासनानेही सांगितलं. चांगल्या फाँटमध्ये दोन्ही आकार असतात, आणि चिठ्ठी मराठीची दिसली की फाँट आपणहून मराठी ल काढतो. म्हणजे लिपी तीच, शब्द तोच, पण वर एम-आर लिहिलंय का एच-आय, यावर 'लाल' शब्दाचं रूप बदलतं. माझ्या वडिलांनी मला पाटीवर जो ल गिरवायला लावला, तो असा दोन अक्षरांच्या आधाराने टिकून आहे.

एका लिपीत अनेक भाषा आल्या की माणसाची कशी तारांबळ उडते, ते बघायचं तर खिशातून शंभराची नोट काढा. मागच्या बाजूला पंधरा भाषांची उतरंड आहे. त्यातल्या चार देवनागरीत: कोंकणी, मराठी, नेपाळी, संस्कृत. कुणाच्याही पुढे भाषेचं नाव नाही. 'शंबर' दिसलं तर कोंकणी आणि 'शंभर' दिसलं तर मराठी. एका ह-काराचा काय तो फरक, आणि तोही आमच्याकडे बोलताना अर्धे लोक गिळतात. नोटेवर पुढच्या बाजूला हिंदी ठळक आली ती १९५३ मध्ये, आणि तेव्हा हिंदीत 'रुपया'चं अनेकवचन काय करायचं यावर वाद होऊन शेवटी 'रुपये' ठरलं. त्या वेळी देशाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नात्याचा, बालपण आमच्या रोह्याचं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि फावल्या वेळात मेघदूताचं मराठी करणारे. त्या अनेकवचनाच्या वादात त्यांचं मत काय होतं, ते शोधायची मला फार इच्छा आहे. मराठी माणूस असल्यामुळे त्यांना 'रुपये' ऐकून घरी आल्यासारखं वाटलं असेल, असं मी आपलं धरून चालतो.

आता मूळ दुखण्याकडे येतो. अष्टमीच्या पानावर हिब्रू आलीच कशी?

अष्टमी कुंडलिकेच्या पलीकडे, रोहा अलीकडे, आणि मध्ये पूल. नगरपरिषद दोघांची मिळून एक. नावात 'रोहा अष्टमी' असे दोन शब्द शेजारी येतात आणि मधलं संयोगचिन्ह कुणी घालतं, कुणी घालत नाही. (मी घालतो. पूल आहे ना तिथे.) या भागात बेने इस्राएली ज्यू पिढ्यानपिढ्या राहिले. नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून आलेले पूर्वज, अशी त्यांची कथा. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावांनी त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. घरात मराठी, प्रार्थनेत हिब्रू. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, चौलकर, किहीमकर, दिवेकर, आणि अष्टमकर. हे लिहिताना 'बेने इस्राएल' हे नाव मूळ हिब्रूतही द्यावं असं मला वाटलं, आणि तिथून सगळं उजवीकडे गेलं.

दुसरी खूण केली तरी दुखणं संपलं नाही, कारण मराठीला प्रत्यय असतात. इंग्रज शब्द आणून ठेवतो आणि त्याच्या शेजारी दुसरा ठेवतो. आपण शब्दाला च्या, ला, नी, त असं काहीतरी चिकटवल्याशिवाय त्याला घरात घेत नाही. आता हिब्रू शब्द उजवीकडे सुरू होतो आणि डावीकडे संपतो. त्याला मी 'च्या' लावला. मराठी वाक्य डावीकडून चाललेलं, म्हणून 'च्या' शब्दाच्या उजव्या बाजूला येऊन बसला. पण उजवी बाजू म्हणजे हिब्रू शब्दाची सुरुवात! म्हणजे शेपूट डोक्याला. कितीही काटेकोर खुणा करा, हे टळत नाही. मराठी वाचणाऱ्याला ते बरोबर दिसतं, हिब्रू वाचणाऱ्याला शब्दाच्या कपाळावर कुणीतरी 'च्या' डकवलेला दिसतो. मी अर्धा दिवस खर्चून वाक्य फिरवलं, आणि त्या शब्दाला प्रत्यय लागणारच नाही अशी पळवाट काढली. व्याकरणापुढे हरून नव्हे, कपाळाची दया येऊन.

आकड्यांची गंमत याहून वरची. हिब्रू शब्दानंतर इंग्रजी आकड्यांत साल लिहिलं, की ते साल उडी मारून शब्दाच्या डाव्या बाजूला जातं. तेच साल आपल्या देवनागरी आकड्यांत लिहा, जागचं हलत नाही. कारण जगातल्या सगळ्या अक्षरांची जी मोठी यादी आहे, तिच्यात इंग्रजी आकड्यांना दिशेचं ठाम मत नाही, शेजाऱ्याबरोबर वाहवत जातात. देवनागरी आकडे मात्र अक्षरांसारखेच पक्के डावीकडून चालणारे. तिथे हे कुणी आणि का ठरवलं असेल ते असो. आमच्या शाळेत आकडे मराठीत काढायला लावणाऱ्या गुरुजींचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

आणि मग मला त्या जुन्या लोकांची आठवण झाली, ज्यांनी हे सगळं हाताने केलं. मुंबईच्या डॉ. जॉन विल्सन यांनी बेने इस्राएलींसाठी हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं, १८३२ मध्ये. म्हणजे मराठी समजावणार डावीकडून आणि उदाहरण येणार उजवीकडून, पानोपानी. १८७४ मध्ये पुण्याला वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची हगादा ही पोथी छापली, हिब्रू आणि मराठी एकत्र; तिच्यातल्या चित्रांत बायका जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकरी करतायत, आणि अंगावर साड्या. ते पान मांडणाऱ्याला 'जतन करा' हे बटण नव्हतं, 'मागील आवृत्ती' नव्हती, आणि पूर्णविराम पळून जात नव्हते, कारण ते तो स्वतः, हाताने, जिथल्या तिथे ठेवत होता. चूक झाली तर त्याचा मालक ओरडत असेल. यंत्र मला ओरडत नाही. ते फक्त तांबड्या अक्षरांत 'त्रुटी' एवढंच म्हणतं, आणि हे ओरडण्यापेक्षा जास्त लागतं.

तिरप्या अक्षरांचं दुखणं थोडक्यात सांगतो. परका शब्द तिरपा करायची इंग्रजीत रीत आहे. विकिपीडियावर तिरपं करायला शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अवतरणं द्यायची, तीन दिली की ठळक. आता हिब्रू-अरबी शब्द रोमन लिपीत लिहिताना मध्येच नाहीतर शेवटी एक अवतरणासारखं चिन्ह येतं. ते शेवटी आलं, की दोन आणि एक तीन, आणि तिरपं का ठळक, याचा घोळ सुरू. शिवाय साच्यात आधीच तिरपं करायची सोय असते. वर आपण हाताने केलं की साचाच रुसतो. आपली देवनागरी तर तिरपी करूच नये, या मताचा मी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धनच्या वाडीतल्या पोफळी जशा दिसत होत्या, तशी ती अक्षरं दिसतात. बघवत नाही.

पण कंसापेक्षा, दिशेपेक्षा अवघड प्रश्न वेगळाच: परका कुठला शब्द?

यावर माझं आणि अष्टमीतल्या एका निवृत्त उर्दू मास्तरांचं रोज भांडण होतं. भांडण म्हणजे पुलावर, संध्याकाळी, दोघांच्याही डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून. मास्तर घरी कोकणी बोलतात, चाळीस वर्षं उर्दू शिकवलं, नमाज अरबीत पढतात आणि माझ्याशी रोह्याच्या मराठीत हुज्जत घालतात. मी उर्दूचा एक मजकूर त्यांना दाखवला, तेव्हा आधी चष्मा लावून तो बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "उर्दू आहे, पण अरबीचे कपडे घालून आलीय." उर्दू वाचणाऱ्याला नस्तालिक लागते, अक्षरं उतारावरून घसरत आल्यासारखी; माझी चिठ्ठी होती अरबीची, म्हणून यंत्राने सरळ बांधाची अरबी अक्षरं काढली होती. ए-आर चं यू-आर केलं. मास्तरांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

मग मीच आगाऊपणा केला. म्हटलं, "मास्तर, तुमच्या घरातल्या बोलीला कुठली चिठ्ठी लावू?"

यादीत कोंकणीचे तीन संक्षेप आहेत. के-ओ-के ही सगळ्यांची आई, तिच्या पोटात गोव्याची जी-ओ-एम आणि आमच्या बाजूची के-एन-एन. मी तिन्ही वाचून दाखवले. मास्तर म्हणाले, "आणि एम-आर?" मी म्हटलं, ती मराठी. ते म्हणाले, "मग सासरेबुवांशी बोलतो तेव्हा के-एन-एन लावा, तुमच्याशी बोलतो तेव्हा एम-आर. बायकोशी बोलतो त्याला काही लावू नका. तिथे मी ऐकतोच फक्त."

परका शब्द ओळखायची माझी एक स्वतःची कसोटी आहे, चावडीवर अजून मांडलेली नाही. जो शब्द आपल्यासाठी आपलं रूप बदलतो, तो आपला. टेबलावर, पेनाने, बटाट्याची, दप्तरात. टेबल, पेन इंग्रजी, बटाटा पोर्तुगीज, दप्तर फारसी. पण विभक्ती लागताना हे सगळे अंग चोरून जागा देतात. त्यांना कंसात कोंडायचं नाही. जे ताठ उभे राहतात, त्यांना चिठ्ठी. गावांनाही ही कसोटी लावून बघा. रोहा बघा कसा लगेच मऊ होतो: रोह्यात, रोह्याला, रोह्याचा. त्यामुळे विकिपीडियावर त्याला दुवा देताना मधे उभी रेघ घालून रोह्याचं दुसरं रूप वेगळं लिहावं लागतं. आणि अष्टमी? अष्टमीत, अष्टमीला, अष्टमीची. आत काही हलत नाही. नुसता प्रत्यय बाहेरून चिकटवा, दुवा चालतो. रोहेकर यावर फारसे खूश नसतात. आमचं गाव लवचीक आहे म्हणतात. अष्टमीवाले म्हणतात, आमचं ठाम आहे.

मास्तरांनी ही कसोटी एका शब्दाने मोडली. म्हणाले, "मलिदा." मलिदा फारसीतून आलेला. मास्तरांच्या घरी फातेहाला होतो. बेने इस्राएलींकडे एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने पोहे, नारळ, गूळ, फळं यांचं ताट करतात, त्यालाही मलिदाच म्हणतात. आणि मराठी वर्तमानपत्रात कुणीतरी पुढारी दर आठवड्याला मलिदा खात असतो. तर साहेब, मास्तर म्हणाले, लावा चिठ्ठी. फारसी, उर्दू, कोकणी का मराठी? मी पूल संपेपर्यंत गप्प राहिलो. धूळपाटीवर तो शब्द अजून मोकळाच आहे.

पान एकदाचं तयार झालं. महिरपी कंस उघडे तितकेच बंद, मोजून. दिशा बरोबर, संक्षेप बरोबर, आकडे देवनागरी, तिरपं काही नाही. यंत्राच्या यादीत माझ्या नावावर एकही त्रुटी उरली नाही. तीन आठवडे लागले होते, त्यातले दोन त्या एका हिब्रू नावापायी.

त्याच आठवड्यात इस्रायलहून एक बाई आल्या. सत्तरीच्या पुढच्या, अश्दोदला राहणाऱ्या, आडनाव आमच्या गावावरून पडलेलं. सोबत नात, तिला इंग्रजी आणि हिब्रू. बाईंची मराठी अशी, की माझी आई बोलायची ती. 'इष्टेशन' म्हणाल्या, 'दिवाबत्ती' म्हणाल्या. आजोबांचं घर कुठे होतं ते शोधत होत्या, मास्तरांनी त्यांना माझ्याकडे आणून सोडलं. जुने पत्ते मला विचारायची अजून रीत आहे. घराची जागा आम्ही शोधली, तिथे आता दुसरंच काहीतरी आहे. मग चहा झाला, आणि मला राहवलं नाही. मी माझं पान काढून त्यांच्यापुढे धरलं.

बाईंनी फोन दूर धरला, मग जवळ, मग नातीकडे दिला. नातीने वाचलं आणि हसू दाबलं. दोघींचं आपसात हिब्रूत काहीतरी झालं.

"भाऊ," बाई म्हणाल्या, "फार छान केलंय. पण हे बेने इस्दाएल लिहिलंय तुम्ही."

मी म्हटलं, "काय?"

"हा रेश पाहिजे. तुम्ही दालेत काढलाय. दोन्ही सारखेच दिसतात, आपल्या घ आणि ध सारखे. एवढी कोपऱ्याची गाठ, बघा." बोटाने त्यांनी टेबलावर दोन्ही अक्षरं काढून दाखवली, उजवीकडून डावीकडे, चहाच्या ओल्या गोलाशेजारी. मास्तर खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते.

दोन आठवडे मी त्या नावाभोवती कुंपण घालत होतो आणि आत नाव कुणाचं आहे, ते एकदाही बघितलं नव्हतं. यंत्रानेही बघितलं नव्हतं. इस्दाएललाही कंस तितकेच लागतात. बाईंसमोरच दालेत खोडून रेश घातला, त्यांनी मान डोलावल्यावर जतन केलं, आणि बदलाचा सारांश म्हणून 'शुद्धलेखन' असं लिहिलं.

"आता एक सांगा," बाई पर्स आवरत म्हणाल्या, "रोह्यात चांगले वाल कुठे मिळतील? कडवे पाहिजेत. तिकडे मिळतात त्यांचं बिरडं होत नाही."